फळीवर वंदना आणि इंटेन्सिव्ह पर्पजेस

ठाण्यात नौपाड्याला मी संध्याकाळी साडेसातला मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग घेते. येणारे बहुतेक जण नोकरीवरून परस्पर येतात. कुणी ऐरोलीहून, कुणी महापेहून, ट्रान्स-हार्बर लोकलची गर्दी अंगावर घेऊन. गेल्या वर्षी श्रावणात त्यांतला एक जण आला, मागच्या बाकावर बसला आणि त्याने वहीच उघडली नाही. वर्ग संपल्यावर म्हणाला, "मॅडम, आज सगळ्यांसमोर लाज गेली माझी."

परदेशातल्या ग्राहकाला त्याने मेल लिहिला होता. काम झाल्यातच जमा आहे, एवढंच सांगायचं होतं. ते जरा चांगल्या इंग्रजीत जावं म्हणून त्याने लिहिलं, 'फॉर ऑल इंटेन्सिव्ह पर्पजेस'. वरिष्ठाने नेमके तेवढे शब्द पिवळे केले आणि मेल अख्ख्या टीमला पाठवला.

"मग खरं काय असतं ते?" त्याने विचारलं.

"फॉर ऑल इंटेन्ट्स अँड पर्पजेस."

त्याने ते दोन-तीनदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. "पण मॅडम, ऐकायला तर मी लिहिलं तेच येतं!"

खरंच होतं त्याचं. मी त्याला म्हटलं, "तू मंडळात आरती म्हणतोस ना? सुखकर्ता म्हण बरं. लंबोदरपासून." त्याने खड्या आवाजात सुरू केलं, "लंबोदर पीतांबर फळीवर वंदना..." मी त्याला तिथेच थांबवलं. निघायच्या तयारीत असलेले आणखी चौघे दारातून मागे वळले. फळीवर वंदना नाही, तर काय? त्यांतल्या तिघांच्या तोंडी जन्मभर तेच होतं. एकीच्या घरी 'संकटी पावावे'च्या जागी 'संकष्टी पावावे' होतं, दुसऱ्याकडे 'वाट पाहे सदना'चं 'सजणा' झालं होतं. त्या रात्री आम्ही सगळे नऊपर्यंत थांबलो. तेव्हा जे बोललो, तेच इथे नीट मांडून लिहिते आहे.

आधी हे होतं कसं, ते बघू. लिहिताना आपण दोन शब्दांत जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. गाडीत शेजारी दोघं मल्याळममध्ये गप्पा मारत असतील, तर त्यांचा एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे आपल्याला सांगता येत नाही. आवाजाचा एकसंध पट्टा कानावर पडत असतो. मराठी ऐकताना आपल्याला शब्द सुटे वाटतात, कारण ते शब्द आपल्या डोक्यात आधीच असतात आणि कान तो पट्टा बरोबर त्या त्या जागी कापतो. एखादा शब्द ओळखीचा नसला, की कान अडतो. पण अडून बसत नाही. जवळपासचा, अर्थ लागेल असा दुसरा शब्द शोधून तिथे बसवतो.

'फणिवरबंधना' हा शब्द पाच वर्षांच्या मुलाने आरतीबाहेर कधी ऐकलेला असतो? फळी मात्र त्याला माहीत असते. गणपती तर फळीवरच बसलेला असतो. मखर तिच्यावर, समई तिच्या बाजूला आणि सगळे तिच्याकडे तोंड करून हात जोडून उभे. फळीवर वंदना यात चुकीचं काय आहे? मुलाच्या कानाने दिलेला अर्थ त्याच्या डोळ्यांसमोरच्या दृश्याशी चोख जुळतो. माझ्या विद्यार्थ्याचंही तेच झालं. 'इंटेन्ट' हा शब्द त्याच्या रोजच्या वापरात नव्हता, 'इंटेन्सिव्ह' होता. ट्रेनिंग इंटेन्सिव्ह असतं, दवाखान्यातलं केअर युनिट इंटेन्सिव्ह असतं. त्याच्या कानाने हाताशी होता तो शब्द उचलला.

शाळा-कॉलेजांत आणि कचेऱ्यांत अशा चुकीला सरसकट अडाणीपणा म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. ज्याने ऐकलेलं नुसतं पोपटासारखं म्हटलं, तो असं चुकत नाही. अर्थ लावायला गेलेला माणूस असं चुकतो.

अशा ऐकण्याला इंग्रजीत नाव आहे, आणि ते नावही एका चुकीतूनच आलेलं आहे. सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेला लहानपणी आई जुने स्कॉटिश पोवाडे वाचून दाखवत असे. एका पोवाड्यात शत्रू मरेच्या अर्लला, म्हणजे तिथल्या सरदाराला, ठार मारतात 'अँड लेड हिम ऑन द ग्रीन', म्हणजे त्याला हिरवळीवर टाकतात. छोट्या सिल्व्हियाला ऐकू यायचं 'अँड लेडी मॉन्डेग्रीन'. तिच्या मनात एक सुंदर स्त्री उभी राहिली, नवऱ्याच्या शेजारी प्राण सोडणारी. मोठेपणी, १९५४ साली, त्यांनी 'हार्पर्स मॅगझिन'मध्ये ही हकिगत लिहिली आणि असल्या चुकांना 'मॉन्डेग्रीन' म्हणावं असं सुचवलं. आज ते शब्दकोशांत आहे.

दुसरा शब्द त्याहून नवा आहे, 'एगकॉर्न'. ओक वृक्षाच्या फळाला इंग्रजीत 'एकॉर्न' म्हणतात. एक बाई ते 'एग कॉर्न' असं लिहीत असत. फळ अंड्यासारखं दिसतं आणि दाण्यासारखं रुजतं, तेव्हा नाव शोभूनही दिसतं. २००३ साली भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन यांनी याकडे लक्ष वेधलं आणि या जातीच्या चुकीला 'एगकॉर्न' हेच नाव द्यावं असं जेफ्री पुलम यांनी सुचवलं. मॉन्डेग्रीनमध्ये अर्थ कुठच्या कुठे जातो. एगकॉर्नमध्ये शब्द बदलतो, पण मूळ अर्थ शाबूत राहतो, किंवा राहिल्यासारखा वाटतो. 'वाट पाहे सजणा' हे पहिल्या जातीचं, 'संकष्टी पावावे' दुसऱ्या. गणपतीला हाक मारताना संकष्टी आठवणं किती साहजिक आहे!

आपल्याकडे 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आहे, पण तो इथे लावू नये. नारायणरावांच्या १७७३ मधल्या खुनाभोवती जी आख्यायिका आहे, तिच्यात 'धरावे'चं 'मारावे' जाणूनबुजून केलेलं आहे. ऐकण्यातल्या चुकीत असं कपट नसतं.

ठाण्यात राहणाऱ्या माणसाने तर या चुकांकडे जरा आपुलकीने पाहावं, कारण या शहरात दोन भाषांचे कान एकमेकांवर आदळत आले आहेत. शिलाहारांच्या काळात इथलं नाव श्रीस्थानक. स्थानकाचं ठाणं आपण केलं. इंग्रज आले, त्यांच्या भाषेत ना 'ठ', ना 'ण'. त्यांच्या जुन्या कागदांत ठाण्याचं 'टॅना' झालं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी इथे आली, ती त्यांच्या लेखी टॅनाला आली. आणि त्याच रेल्वेचा 'प्लॅटफॉर्म' आपल्या लोकांनी ऐकला तो 'फलाट'. गॅसलाइटचं घासलेट झालं. पोर्तुगीज अफोन्सोचा हापूस झाला. सैन्यातल्या 'रिक्रूट'चा रंगरूट झाला. त्यात 'रंग' शिरला, म्हणजे कानाने अर्थ शोधलाच. पहाऱ्यावरचा शिपाई अंधारात 'हू कम्स देअर?' असं दरडावायचा. आपल्या माणसांनी ते 'हुकुमदार' असं ऐकलं. मला हे फार आवडतं. जो अडवतो आणि दरडावतो, तो हुकूम देणाराच असणार, हा त्यातला विचार. साहेबांचे कान तरी कुठे वेगळे होते? मोहरममधली 'या हसन, या हुसेन' ही आर्त हाक गोऱ्या शिपायांनी 'हॉबसन-जॉबसन' अशी ऐकली, आणि यूल व बर्नेल यांनी १८८६ साली अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश काढला, तेव्हा त्याला तेच नाव दिलं.

आता त्या इंग्रजी वाक्प्रचारांकडे येते. माझा अनुभव असा, की वाक्प्रचार पाठ करून टिकत नाही. त्यातलं चित्र दिसलं की तो चुकायचा थांबतो. वर्गात मी तेच करते.

'इंटेन्ट्स अँड पर्पजेस' हे कायद्याच्या भाषेतलं आहे. आठव्या हेन्रीच्या काळातल्या, १५४६ च्या कायद्यात 'टू ऑल इंटेन्ट्स, कन्स्ट्रक्शन्स अँड पर्पजेस' अशी शब्दांची माळच होती. वकिली कागदाला एका शब्दावर विश्वास नसतो. आपल्याकडेही नुसती 'जमीन' लिहून भागत नाही, 'जमीनजुमला' लिहितात. नुसता 'वाद' नाही, 'वादविवाद'. हा जोडशब्दांचा नमुना आहे हे लक्षात आलं, की मधला 'अँड' विसरत नाही.

पण तो 'अँड' ऐकू का येत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण बऱ्याच चुका त्याच्यामुळे होतात. इंग्रजीत जोर वाक्यातल्या मोजक्या शब्दांवर पडतो आणि बाकीचे दबून जातात. 'अँड'चा उरतो नुसता 'न्'. आपणही 'पिठलं आणि भाकरी' कुठे म्हणतो? 'पिठलं न् भाकरी' म्हणतो. मग 'बेक अँड कॉल'चं कुणी 'बेकन कॉल' ऐकलं तर नवल नाही. 'बेक' म्हणजे बोटाने किंवा मानेने केलेली खूण. खूण केली की हजर, हाक मारली की हजर, असा माणूस. 'वन अँड द सेम'चं 'वन इन द सेम' होतं, तेही याच वाटेने.

ऐरोली-महापेच्या कॉल सेंटरमध्ये काम केलेल्यांची आणखी एक अडचण असते. ते रात्रभर अमेरिकन इंग्रजी ऐकतात. अमेरिकन बोलण्यात दोन स्वरांमधला 'ट' मऊ होतो, 'वॉटर'चं आपल्या कानाला 'वॉडर' होतं. आपल्याला ट आणि ड हे पूर्ण वेगळे वर्ण, त्यामुळे आपण प्रामाणिकपणे ड ऐकतो. 'डीप-सीटेड', म्हणजे खोल बसलेलं, हे 'डीप-सीडेड' म्हणजे खोल पेरलेलं होऊन जातं. खोल पेरलेला राग म्हटलं तरी मनाला पटतंच. ही चूक खुद्द अमेरिकन लोक भरपूर करतात, कारण त्यांच्या कानालाही दोन्ही सारखंच येतं. अशी चूक केलेल्याला मी कधीच रागावत नाही. फक्त खुर्चीची 'सीट' आठव म्हणते.

काही जोड्या उच्चाराला अगदी एक असतात, फसवतं ते स्पेलिंग. 'टो द लाइन' घ्या. इथला 'टो' म्हणजे पायाचं बोट. पोलीस भरतीत सोळाशे मीटर धावायला मुलं उभी राहतात, तेव्हा चुन्याच्या रेघेला बोटं टेकवून उभं राहावं लागतं. रेघेच्या पुढे एक इंच नाही. नेमून दिलेल्या शिस्तीत राहणं, हा त्याचा अर्थ. पण 'टो' म्हणजे ओढून नेणं हाही शब्द आहे, चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलून नेतात तो. ठाण्यात हा दुसरा 'टो' रोज दिसतो, म्हणून मेलमध्येही तोच येतो. मग दोर ओढत चालल्यासारखं चित्र तयार होतं आणि अर्थ भलतीकडे जातो.

'फ्री रेन'मधला 'रेन' म्हणजे लगाम. घोडा त्याच्या मर्जीने जावा म्हणून लगाम सैल सोडणं. मराठीतही आपण लगाम सैल सोडतो आणि आवळतो, त्यामुळे आपल्याला हे चित्र परकं नाही. पण घोडे रस्त्यावरून गेले आणि लोक 'रेन' म्हणजे राज्य असं लिहू लागले. मोकळं राज्य! तेही बरं वाटतंच.

'बेटेड ब्रेथ' मात्र मी जरा जास्त वेळ शिकवते. 'अबेट' म्हणजे कमी होणं, ओसरणं. 'बेटेड' म्हणजे दबलेला, आवरलेला. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये शायलॉक हा सावकार विचारतो, की जो मला कुत्रा म्हणाला त्याच्याशी मी दबल्या श्वासाने, कुजबुजत, नम्रपणे बोलू का? त्याच्या तोंडी तो श्वास अपमानाचा आहे. आज आपण तो उत्कंठेला वापरतो, श्वास रोखून. हा बदल झाला त्याला आता खूप काळ लोटला आणि तो सर्वमान्य आहे. पण दुसऱ्या स्पेलिंगचा 'बेट' म्हणजे गळाला लावायचं आमिष. लोक हा श्वास त्या स्पेलिंगने लिहितात, आणि जाणणाऱ्याला मासे पकडणारा श्वास दिसतो.

'निप इन द बड'मधली चूक सांभाळा, कारण ती लाजिरवाणी आहे. 'बड' म्हणजे कळी. कळीतच खुडून टाकणं. गॅलरीत शेवंती लावणाऱ्याला खुडणं म्हणजे काय ते हाताला माहीत असतं. नखाने चिमटलं की संपलं. 'बड'चं 'बट' झालं तर चिमटा भलत्याच ठिकाणी बसतो, आणि ते मेलमध्ये लिहून बसलेली माणसं मला भेटलेली आहेत.

'स्नीक पीक'वर वेळ घालवत नाही. डोकावण्याचा 'पीक' दोन 'ई'चा, डोंगराच्या शिखराचा वेगळा. घोडबंदर रोडवर एका नव्या इमारतीच्या फलकावर शिखर पाहिलं आहे.

आपल्या स्टेजवर हमखास ऐकू येणारी एक चूक ऐकण्यातून आलेली नाही, नियमातून आली आहे. 'लास्ट बट नॉट द लीस्ट'. शाळेत शिकवलं, की 'लीस्ट', 'बेस्ट' यांच्या आधी 'द' येतो. तो नियम इथे लावला गेला. इंग्रजीत हा वाक्प्रचार 'लास्ट बट नॉट लीस्ट' एवढाच आहे. आभारप्रदर्शन करणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. भारतात मात्र तो 'द' इतका रुजला आहे, की काढला तरच लोकांना चुकल्यासारखं वाटतं.

शब्द बरोबर, अर्थ उलटा, अशाही काही आहेत. त्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आपण मराठीतही आणलेला वाक्प्रचार, 'अपवादाने नियम सिद्ध होतो'. कुणी म्हणतं, आमच्या घरात सगळे उशिरा उठतात. दुसरा म्हणतो, पण तुमचे आजोबा तर पाचला उठतात. लगेच उत्तर येतं, अपवादाने नियम सिद्ध होतो! हे तर्काला धरून आहे का? आजोबा पाचला उठत असतील, तर 'सगळे उशिरा उठतात' हे विधान खोटं ठरतं. अपवाद नियमाला भोक पाडतो, सिद्ध कसा करेल?

मूळ लॅटिनमधलं कायद्याचं सूत्र बघितलं की उलगडतं. जे अपवादात बसत नाही, त्याच्यापुरता अपवाद नियमाची साक्ष देतो, असं ते आहे. ठाण्याच्या अरुंद गल्ल्यांत पाटी असते, 'विषम तारखेला पार्किंग नाही'. सम तारखेबद्दल पाटी एक अक्षर बोलत नाही. तरी आपण सम तारखेला गाडी लावतो, निर्धास्त. का? कारण विषम तारखेचा अपवाद वेगळा सांगावा लागला, याचाच अर्थ एरवी परवानगी आहे. न लिहिलेला नियम लिहिलेल्या अपवादावरून कळला. एवढाच त्याचा अर्थ. कुणाच्या आजोबांचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मी सांगते तेव्हा वर्गात दर वेळी एक जण तरी वाद घालतो, आणि मला तो वाद हवा असतो.

'बेग द क्वेश्चन' याच घरातलं. बातम्यांत, भाषणांत तो 'प्रश्न उपस्थित होतो' या अर्थाने वापरतात. तर्कशास्त्रात त्याचा अर्थ, जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरणं. 'हा माणूस खरं बोलतो. कशावरून? तो स्वतःच म्हणतो ना.' ॲरिस्टॉटलने दाखवलेला हा दोष लॅटिनमधून इंग्रजीत आला, तेव्हा 'गृहीत धरा अशी मागणी करणं' या जागी 'बेग' हा शब्द बसला आणि भीक मागण्याचं चित्र उगाच चिकटलं. आपल्या न्यायसूत्रांत हेत्वाभासांच्या, म्हणजे फसव्या कारणांच्या, यादीत याचा जवळचा नातेवाईक आहे, 'साध्यसम'. जो पुरावा स्वतःच सिद्ध व्हायचा आहे, तो. आपल्या परंपरेने इतकं नेमकं नाव ठेवलेलं असताना इंग्रजी वाक्प्रचारात अडकायचं कशाला? नुसतं 'प्रश्न पडतो' म्हणायचं असेल तर 'रेझेस द क्वेश्चन' लिहा. कुणी बोट ठेवणार नाही.

'मूट पॉइंट' वकिलीच्या मुलांना लगेच समजतो, कारण ती मूट कोर्टच्या स्पर्धांत उतरतात. जुन्या इंग्लंडात 'मूट' म्हणजे गावकीची बैठक, जिथे वाद ऐकले जात. वाद घालण्याजोगा मुद्दा तो मूट. 'म्यूट', म्हणजे मुका, नव्हे. गोंधळ असा, की अमेरिकेत त्याचा अर्थ 'आता ज्याला महत्त्व उरलं नाही असा मुद्दा' इकडे सरकला आहे. दोन देशांत दोन अर्थ असलेला शब्द करारात किंवा ग्राहकाच्या मेलमध्ये घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नकार हा फार निसरडा असतो. 'आय कुडन्ट केअर लेस', म्हणजे मला काडीचीही पर्वा नाही. पर्वा शून्य आहे, शून्यातून आणखी कमी होणार नाही, म्हणून 'कुडन्ट'. अमेरिकेत त्यातला नकार गळून 'कुड केअर लेस' झालं आहे. शब्दशः पाहिलं तर त्यात पर्वा शिल्लक राहते. लोक हसतात त्याला. पण आपण 'अपरोक्ष'चं काय करून ठेवलं आहे? 'माझ्या अपरोक्ष तिने हे सांगितलं', म्हणजे मी नसताना, असं आपण सर्रास म्हणतो आणि लिहितो. 'परोक्ष' म्हणजे डोळ्यांआड. 'अपरोक्ष' म्हणजे त्याच्या उलट, डोळ्यांसमोर, प्रत्यक्ष. तिकडे एक नकार गळला, इकडे एक जास्तीचा चिकटला, आणि दोन्हीकडे लोकांना अर्थ बरोबर पोचतो. 'अपरोक्ष' वापरणाऱ्या प्राध्यापकाला कुणी पिवळ्या रंगात रंगवत नाही. मग इंग्रजीत चुकलेल्या पोरालाच का?

सगळ्या चुका शेवटी चुका राहतातच असंही नाही. 'नॅप्रन' हा मूळ शब्द. 'अ नॅप्रन' म्हणता म्हणता त्यातला 'न' आधीच्या 'अ'ला जाऊन मिळाला आणि 'ॲन एप्रन' झालं. क्रिकेटच्या 'अंपायर'चंही असंच, तो आधी 'नंपायर'सारखा होता. आपलं संस्कृत 'नारंग' फारसी-अरबीमार्गे युरोपात गेलं आणि वाटेत त्याचाही पहिला 'न' गळला, म्हणून इंग्रजीत 'ऑरेंज'. आपण मात्र नारिंगी रंगात तो जपून ठेवला आहे.

बळीच्या बकऱ्याची गोष्ट तर दोन्ही भाषांत मिळून पूर्ण होते. दुसऱ्याचं पाप ज्याच्या माथी मारतात तो 'स्केपगोट'. हा शब्द विल्यम टिंडेल यांनी १५३० मध्ये बायबलचा भाग इंग्रजीत आणताना घडवला. त्या विधीत बकरे दोन असत. एकाचा बळी देत. दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्यांची पापं उतरवून त्याला जिवंत रानात सोडून देत. सुटलेला तो 'स्केप' गोट. म्हणजे 'एस्केप गोट' असं लिहिणाऱ्याला आपण चूक म्हणतो, पण शब्दाच्या जन्माशी तोच इमान राखतो! आणि मराठीत आपण त्याला 'बळीचा बकरा' म्हणतो, तो दोघांतला नेमका पहिला, मारला गेलेला. खरं साम्य शोधायचं तर आपल्या उताऱ्यात आहे. माणसावरून ओवाळून, त्याची पीडा त्या नारळ-लिंबात उतरवून, ते तिठ्यावर नेऊन ठेवतात. पीडा गावाबाहेर, वस्तू तशीच शाबूत. हे सांगितल्यावर रायगडातून आलेल्या एक मावशी म्हणाल्या, "मग बकरा नको म्हणायला, उताराच म्हणायला हवं."

कामाच्या लिखाणाबद्दल मी वर्गात एकच गोष्ट आग्रहाने सांगते. वाक्प्रचार लिहिण्याआधी डोळे मिटून त्याचं चित्र पाहा. रेघ दिसली, लगाम दिसला, कळी दिसली, तर लिहा. काहीच दिसलं नाही तर साधा शब्द वापरा. 'काम जवळजवळ झालं' यासाठी 'ऑलमोस्ट डन' पुरतं, आणि वाचणाऱ्यालाही तेच सोपं जातं. आणि जे वरिष्ठ आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की चूक दिसली तर त्या माणसाला बाजूला घेऊन सांगा. त्या पिवळ्या मेलनंतर माझ्या विद्यार्थ्याने तीन आठवडे ऑफिसात इंग्रजीतून एक वाक्य आपणहून उच्चारलं नव्हतं. बोलायचंच थांबला, तर सुधारेल कुठून?

गणपतीत त्याने मला घरी बोलावलं. वागळे इस्टेटच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आरती सुरू झाली. त्याची सहा वर्षांची मुलगी टाळ वाजवत, मान डोलवत, सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणत होती, "फळीवर वंदना!" त्याने माझ्याकडे पाहिलं. आरती पूर्ण होऊ दिली. मग प्रसाद वाटून झाल्यावर तिला उचलून मूर्तीजवळ नेलं आणि म्हणाला, "बाप्पाच्या पोटाला काय बांधलंय बघ."

तिने निरखून पाहिलं. "नाग!"

"नागाला फणी म्हणतात. फणा असतो ना, म्हणून. हा सगळ्यांत मोठा नाग, फणिवर. तो बाप्पाने पट्ट्यासारखा बांधलाय. फणिवर... बंधना."

तिने एका बोटाने तो नाग हलकेच चाचपून पाहिला आणि आईला हाक मारली, "आई, इकडे ये, आपल्या आरतीतला नाग इथे आहे!"